पिसाळरोग : गावाची भीती आणि गावाचे ज्ञान

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात पिसाळलेल्या कुत्र्याचा विषय निघाला, म्हणजे त्याविषयी सांगावयास कोणाजवळ काही नाही असे सहसा घडत नाही. रोगी पाण्याला भितो, वाऱ्याची झुळूकही त्याला सोसत नाही, त्याच्या घशातून विचित्र आवाज निघतो आणि एकदा ही लक्षणे दिसू लागली की माणूस हाती लागत नाही, हे लहानथोर सर्वांना ठाऊक असते. या माहितीत असत्य फारसे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्यांच्या दंशाचे वर्णन असून, ज्या रोग्याला पाण्याचा त्रास होऊ लागतो त्याची आशा धरू नये, असेच तेथे सांगितले आहे. तेव्हा या रोगाच्या बाबतीत ग्रामीण समाज सर्वस्वी अजाण आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही.

परंतु या ज्ञानात एक मोठी उणीव आहे. गावाला ठाऊक आहे तो या रोगाचा शेवट. त्याचा आरंभ गावाने नीट ओळखलेला नाही. ज्या टप्प्यावर वैद्यकशास्त्राचेही काही चालत नाही त्याविषयी गावात तासन्‌तास बोलणे होते. आणि ज्या टप्प्यावर घरातील साबण, पाणी व सरकारी दवाखान्यातील लस यांनी माणूस निश्चितपणे वाचू शकतो, तो टप्पा मात्र हळद-चुन्यात आणि चर्चेत निघून जातो. म्हणून या रोगाची भीती वाढविणारा प्रचार आता पुरे झाला. आहे ती भीती योग्य ठिकाणी वळविणे, हे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे खरे काम होय.

रोगाची वाटचाल

पिसाळरोग, ज्याला अलर्क रोग अथवा रेबीज असेही म्हणतात, तो एका विषाणूमुळे होतो. हा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत असतो आणि चावा, नखांचा ओरखडा किंवा उघड्या जखमेवर पडलेली लाळ यांच्या वाटे शरीरात शिरतो. शिरल्यानंतर तो मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा दोन ते तीन महिने लागतात. क्वचित एखादा आठवडाच लागतो, तर क्वचित वर्षभराचा काळ जातो. दंश चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर असेल तर हा काळ कमी होतो. लहान मुलांची उंची कमी असल्यामुळे त्यांना तोंडावर व डोक्यावर चावे होण्याचा संभव अधिक असतो, हे या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

विषाणू मेंदूत पोहोचल्यावर जवळजवळ प्रत्येक रोगी दगावतो. तो पोहोचण्यापूर्वी शरीरात प्रतिकारशक्ती तयार झाली, तर रोग होत नाही. पूर येण्यापूर्वी बांध घालावा लागतो, पाणी शेतात शिरल्यावर घातलेल्या बांधाचा उपयोग नसतो, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. लसीचे कार्य नेमके याच प्रकारचे आहे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास कुत्र्याच्या दंशानंतर लस टोचविली आणि तो मुलगा वाचला. त्या दिवसापासून या रोगावर प्रतिबंधक उपाय मनुष्याच्या हाती आहे.

मंत्राला गुण का येतो

असे असता चावा झालेला मनुष्य दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे का जातो? त्यास केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, पण त्यामुळे प्रश्न सुटत नाही. गावाने या उपायांना गुण आलेला प्रत्यक्ष पाहिलेला असतो. त्याची कारणमीमांसा केली पाहिजे.

चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. पिल्ले जवळ असलेली कुत्री चावते, शेपटीवर पाय पडल्याने कुत्रे चावते, राखणीचे कुत्रे अनोळखी माणसास चावते. शिवाय पिसाळलेले कुत्रे चावले तरी प्रत्येक वेळी रोग होतोच असेही नाही. म्हणून दहा माणसे मंत्र, झाडपाला किंवा अंगारा घेऊन आली तर त्यांतील पुष्कळ माणसे पुढे सुखरूप राहतात आणि त्याचे श्रेय मांत्रिकास मिळते. ज्याच्या नशिबी खरोखर पिसाळलेले कुत्रे आले असेल तो दोन-तीन महिन्यांनी दगावतो. तोपर्यंत जखम भरलेली असते, कुत्र्याचा विसर पडलेला असतो आणि त्या मृत्यूचा दोष मांत्रिकाकडे जात नाही.

ज्या वर्षी काणी पडत नाही त्या वर्षी गंधकाची बीजप्रक्रिया न करताही ज्वारी चांगली येते. तेवढ्यावरून बीजप्रक्रिया निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी जाणता शेतकरी काढीत नाही. काणी ज्या वर्षी पडेल ते वर्ष आधी ओळखता येत नाही, म्हणूनच तो दरवर्षी बियाण्यास औषध चोळतो. कुत्र्याच्या चाव्याचा हिशेब याच रीतीने समजावून सांगितला तर तो पटतो. कोणाच्या श्रद्धेचा उपहास करून मात्र तो पटविता येणार नाही. देवास जाण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. प्रश्न क्रमाचा आहे : आधी पाणी व साबण, मग दवाखाना आणि त्यानंतर ज्याची इच्छा असेल त्याने देवदर्शन करावे.

पहिले औषध पाणी

या रोगात रोगी शेवटी पाण्यास भितो, यावरून चाव्याच्या जखमेसही पाणी लावू नये असा समज काही घरांतून आढळतो. जखमेला पाणी लागले की ती चिघळते, या सर्वसाधारण समजाची त्यात भर पडते. परिणामी जखमेवर मिरचीची पूड, चुना, तंबाखू, रुईचा चीक किंवा तेल लावून ती बांधून टाकतात. कोठे कोठे डागही देतात. यांतील कोणत्याही पदार्थाने विषाणू नष्ट होत नाही. उलट, जखम अधिक दुखावते आणि विषाणूस मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्यास मदतच होते.

वास्तविक पाणी हेच या दंशावरील पहिले औषध आहे. चावा होताच जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने सतत पंधरा मिनिटे धुवावी. नळ नसेल तर तांब्याने पाण्याची धार धरावी. शेतात असल्यास मोटारपंपाच्या पाण्याखाली धुवावी. साबणाने विषाणूवरील आवरण मोडते आणि धारेने लाळ वाहून जाते. त्यानंतर उपलब्ध असल्यास आयोडीनयुक्त जंतुनाशक लावावे. जखम घट्ट बांधू नये आणि शक्यतो टाके घालू नयेत. पंधरा मिनिटे हा काळ बोलण्यास लहान वाटतो, पण रडणाऱ्या मुलाचा पाय धाराखाली धरून बसणाऱ्या आईस तो फार मोठा वाटतो. म्हणून कार्यकर्त्यांनी ही कृती घड्याळ लावून शाळेत व महिलांच्या बैठकीत एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. लस गावापासून दूर असेल, एखाद्या वेळी ती संपलेलीही असेल. पाणी आणि साबण मात्र प्रत्येक घरी आहेत.

चौदा सुयांची जुनी धास्ती

लस न घेण्यामागे आणखी एक भीती आहे आणि ती निराधार नव्हती. १९११ मध्ये कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस पुढे अनेक दशके आपल्या देशात वापरात होती. ती पोटात टोचीत, अनेक दिवस लागोपाठ टोचीत आणि तिच्यामुळे क्वचित मज्जासंस्थेचे गंभीर विकारही होत. ज्यांनी त्या सुया सोसल्या किंवा घरात सोसताना पाहिल्या, त्यांनी ती धास्ती पुढील पिढीस सांगितली. परंतु त्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले, ही गोष्ट अद्याप पुष्कळ घरांत पोहोचलेली नाही.

सध्याची लस पेशीसंवर्धनापासून तयार केलेली असून ती दंडावर टोचतात. अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढील बाहेरच्या भागात देतात. कातडीत टोचण्याच्या पद्धतीत ती पहिल्या दिवशी, तसेच त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. स्नायूत टोचण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची एक मात्रा अधिक असते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ती देता येते. तिच्यासाठी कोणतेही विशेष पथ्य नाही. शासकीय रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य मिळते.

जखमेतून रक्त आले असेल, अथवा उघड्या जखमेवर, डोळ्यांत वा तोंडात लाळ गेली असेल, तर केवळ लस पुरेशी नसते. लसीपासून प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही दिवस जातात. तोवर विषाणूस जागीच अडविण्यासाठी तयार प्रतिपिंडे असलेले सीरम जखमेच्या आत व भोवती टोचावे लागते. हे सीरम प्रत्येक प्राथमिक केंद्रात असेलच असे नाही. आपल्या गावास ते जवळात जवळ कोठे मिळते, याची माहिती कार्यकर्त्याने आधीच काढून ठेवली पाहिजे; चावा झाल्यावर ती शोधण्यात दिवस मोडतो.

येथे दोन गैरसमजांचा निर्देश करणे अवश्य आहे. धनुर्वाताची सुई घेतली म्हणजे कुत्र्याची सुई झाली, असे अनेकांस वाटते. ते सर्वथा चूक आहे. दुसरा गैरसमज कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्यासंबंधीचा आहे. चावलेले कुत्रे दहा दिवसांनंतरही निरोगी राहिले, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजतात, हे बरोबर आहे. परंतु हे दहा दिवस उपचार सुरू करून मोजावयाचे असतात, उपचार थांबवून नव्हे. कुत्रे सुखरूप राहिल्यास पुढील मात्रांविषयी डॉक्टर निर्णय देतील.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत केलेल्या पाहणीवरून, देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज निघाला. २००३ मधील पाहणीत हा अंदाज वीस हजारांवर होता. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्या तरी परिस्थिती सुधारत असल्याचे त्यावरून दिसते. परंतु त्याच नव्या पाहणीत, कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश लोकांनी लस मुळीच घेतली नव्हती असेही आढळले. जगभर या रोगाच्या संशयित प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. रागावतील या भीतीने मूल चावा लपविते. म्हणून चाव्याबद्दल मुलास मारू नये, हा देखील या रोगावरील प्रतिबंधक उपायच समजावा.

गोठ्यातील धोका

हा रोग केवळ माणसाचा व कुत्र्याचा नाही. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी या सर्वांस तो होतो. मांजर, मुंगूस, कोल्हा व लांडगा यांच्या चाव्यापासूनही तो होऊ शकतो. रात्री गोठ्यात शिरलेल्या कुत्र्याने चावा घेतल्याचे पुष्कळदा मालकास कळतही नाही.

पिसाळरोग झालेले जनावर नेहमीच अंगावर धावून येते असे नाही. ते चारा सोडते, तोंडातून लाळेच्या तारा गळतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, ते वारंवार हंबरते, शेणा-मुतासाठी कुंथते आणि मागील पायांत दुबळे होते. ही लक्षणे पाहून घशात काही अडकले असावे अशी मालकाची समजूत होते. मग तो जनावराची जीभ धरून तोंडात हात घालतो, किंवा नळकांड्याने काढा पाजतो. शेतकऱ्याच्या हातांवर विळ्याच्या व काट्यांच्या बारीक जखमा नित्याच्याच असतात. जनावर वाचविण्याच्या प्रयत्नात तो आपला हात विषाणूच्या स्वाधीन करीत असतो. म्हणून लाळ गाळणाऱ्या व गिळू न शकणाऱ्या जनावराच्या तोंडात पशुवैद्यकास विचारल्याशिवाय कोणीही हात घालू नये. ज्यांचा हात गेला असेल त्यांनी त्वरित हात धुऊन आरोग्य केंद्रात जावे.

जनावरास कुत्रे चावल्याचे दिसल्यास त्याचीही जखम साबण-पाण्याने धुवावी. धुताना हातांत रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून लसीच्या मात्रा सुरू कराव्यात. जनावर रोगाने मेल्यास त्याचे कातडे काढू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

दुधासंबंधी गावात मोठी घबराट उडते. एखादी म्हैस पिसाळून मेली की तिचे दूध पिणारी सर्व घरे आरोग्य केंद्राकडे धाव घेतात. उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही आणि असे दूध प्यायल्याने रोग होत नाही. रोगी किंवा संशयित जनावराचे दूध वापरू नये हे खरे. ते कच्चे प्यायले गेले असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परंतु चहा प्यालेल्या पन्नास माणसांनी रांग लावावी आणि त्याच म्हशीच्या तोंडात हात घातलेल्या गड्याने कामावर राहावे, हे भीती चुकीच्या ठिकाणी गेल्याचे लक्षण आहे. त्या रांगेत पहिला क्रमांक त्या गड्याचा असला पाहिजे.

कुत्रे मारून प्रश्न सुटत नाही

गावात चाव्याची घटना घडली की कुत्री मारून टाकावीत, अशी मागणी होते. ज्याचे मूल चावले गेले त्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण तो कायद्यास धरून नाही आणि उपायही नाही. एका वस्तीतील कुत्री नाहीशी झाली की उकिरड्यावरील अन्नाच्या आशेने शेजारची, लस न टोचलेली कुत्री त्या जागी येतात. याउलट शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस टोचली गेली, तर त्यांच्यातील रोगाची साखळी तुटते.

याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. तेथे २०१३ ते २०१९ या काळात पद्धतशीर मोहीम झाली. वर्षास ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस टोचून सत्तर टक्क्यांचे प्रमाण गाठण्यापर्यंत तिची मजल गेली, आणि दरवर्षी सुमारे दीड लाख शाळकरी मुलांना या रोगाचे शिक्षण देण्यात आले. कुत्र्यांतील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. हे कार्य कुत्र्यांची लस आणि मुलांचे शिक्षण या दोहोंच्या जोडीने झाले, यावर भर दिला पाहिजे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय कृती योजनेत, कुत्र्यांपासून माणसांस होणाऱ्या या रोगाचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. ते दिल्लीत साध्य होणार नाही, ते गावातच व्हावयाचे आहे.

यात शेतकऱ्याचा वाटा मोठा आहे. वस्तीवर, मळ्यात, मेंढरांच्या कळपाबरोबर कुत्री असतातच. ती राखण करतात, पण त्यांना दरसाल लस टोचून घेण्याची चाल नाही. बैलाच्या खुरास नाल मारण्यास जो विसरत नाही त्याने कुत्र्याची लस विसरू नये. पिलू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी आणि पुढे दरवर्षी ती टोचावी. मेलेली जनावरे व कोंबड्यांची आतडी उघड्यावर टाकून कुत्र्यांची संख्या गावच वाढविते. तीही सवय मोडली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

हा विषय आरोग्य खात्याचा की पशुसंवर्धनाचा की पंचायतीचा, या वादात त्याचा धनी कोणीच होत नाही. डॉक्टर माणसास तपासतात, पशुवैद्यक जनावरास तपासतात. पण ज्या कुत्र्याने दोघांस चावा घेतला ते दोन्ही दवाखान्यांच्या मध्ये मोकळे हिंडत असते. त्या मोकळ्या जागेत उभा असलेला माणूस म्हणजे ग्रामस्तरीय कार्यकर्ता होय. त्याने आशा सेविका, शिक्षक, पोलीस पाटील व पशुवैद्यक यांना वर्षातून एकदा तरी एकत्र बसवावे; गावातील पाळीव व भटक्या कुत्र्यांची मोजणी करावी; लसीचे शिबिर ग्रामसभेत ठरवून घ्यावे; आणि चावा झालेल्या प्रत्येक माणसाने शेवटची मात्रा घेतली की नाही, याची नोंद ठेवावी. पहिली सुई भीतीने घेतली जाते, शेवटची सुई मजुरी बुडेल म्हणून राहून जाते. तिची आठवण देणारा कोणी तरी गावात असला पाहिजे.

पिसाळरोगाची भीती गावातून जावी असे कोणी म्हणणार नाही. तो भिण्यासारखाच रोग आहे. मात्र ती भीती पिलाच्या बारीकशा ओरखड्यापाशी वाटली पाहिजे, त्याच घटकेला वाटली पाहिजे, आणि तिने माणसास पाण्याच्या धारेकडे व तेथून आरोग्य केंद्राकडे नेले पाहिजे. एवढे झाले तर पाण्यास भिणारा रोगी पाहण्याची वेळ कोणत्याही गावावर येणार नाही.